जुन्या यंत्राला मुक्त मेंदू
मिलिंग मशीनचा बिडाचा सांगाडा अनेक दशके टिकतो. आधी निकामी होते ती त्याची संगणकीय नियंत्रण प्रणाली. उत्पादकाने तिचे सुटे भाग देणे थांबवले, की धडधाकट यंत्रही भंगारात निघते. लघुउद्योजकाची ही कोंडी 'लिनक्ससीएनसी' फोडू शकते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेत १९९०च्या दशकात उगम पावलेल्या या प्रणालीचा सोर्स कोड सर्वांना खुला असून, परवाना शुल्कही नाही. मात्र, सॉफ्टवेअर मोफत म्हणजे रूपांतर मोफत नव्हे. मोटर, ड्राइव्ह, बॉलस्क्रू यांचा खर्च उरतोच. झिजलेल्या स्क्रूचा बॅकलॅश संगणक पूर्णतः झाकू शकत नाही. आपत्कालीन थांब्याचे बटण तर सॉफ्टवेअरवर न सोपवता थेट वीजजोडणीतच बसवावे लागते. तरीही दुरुस्तीची किल्ली कारखानदाराच्याच हाती येते, हेच या पर्यायाचे खरे मोल.