गमबूट दिले म्हणजे जबाबदारी संपली का?

तारकर्लीच्या समुद्रात डुबकी मारायला जाणाऱ्या पर्यटकाला अंगाच्या मापाचा सूट मिळतो. पाण्याने अंग गारठू नये, म्हणून ही काळजी. मग पोटासाठी गटारात उतरणाऱ्या कामगाराला काय मिळते? बहुतेक ठिकाणी एकाच मापाचे गमबूट आणि फोटोपुरते हातमोजे! मुदखेडसारख्या छोट्या शहरांतून हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून आम्ही विचारतो आहोत.

हाताने मैला उचलण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा ६ डिसेंबर २०१३ ला, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी लागू झाला. त्याच्या नियमांत सुरक्षा साधनांची लांबलचक यादी आहे. अंगभर वेडर सूट, बूट जोडलेला वेडर, वायू मोजण्याचे यंत्र, बाहेरून हवा पुरवणारे उपकरण, सेफ्टी बेल्ट, सगळे त्यात आहे. यादीत कमी नाही. कमी आहे ती देण्याची इच्छा.

पण खरी मेख पुढे आहे. सुरक्षा साधने न देता माणसाकडून गटार किंवा सेप्टिक टाकी साफ करून घेतली, तर कायदा त्याला 'धोकादायक सफाई' म्हणतो. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यातून साधने दिली की गुन्हा उरत नाही, असा सोयीचा अर्थ काढला जातो. म्हणूनच ठेकेदाराला स्वस्तातले गमबूट एवढे प्रिय असतात. ते कामगाराच्या पायापेक्षा ठेकेदाराची मान वाचवतात.

सूट निवडताना तो कशापासून वाचवतो, हे आधी पाहावे लागते. डुबकीचा रबरी सूट थोडे पाणी आत घेतो आणि तेच पाणी अंगाच्या उबेने गरम राहते. समुद्रात हे चालते. मैल्याच्या पाण्यात तोच सूट म्हणजे रोगाला घरात घेणे. इथे थेंबही आत न जाणारा सूट हवा. पण छातीपर्यंतचा वेडरही वरून उघडा असतो. पाणी आत शिरले की तो जड होतो आणि माणूस अडकतो.

आणि सर्वांत चांगला सूटसुद्धा फक्त कातडी झाकतो. श्वास देत नाही. सेप्टिक टाकीतला हायड्रोजन सल्फाइड आधी सडक्या अंड्यासारखा वास देतो, आणि प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. "वास येत नाही, उतर" असे सांगणारा मुकादम माणसाला मरणाकडे ढकलत असतो. कापडी मास्क इथे कुचकामी आहे. मे २०२३ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यात सेप्टिक टाकी साफ करताना पाच मजूर गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. मेल्यावर ३० लाख आणि जिवंतपणी एक धड सूट नाही!

"दिले तरी हे लोक घालत नाहीत," हा साहेबांचा ठरलेला युक्तिवाद. अहो, मराठवाड्याच्या उन्हात, चुकीच्या मापाचे जाड रबर तुम्ही तासभर घालून दाखवा. खरेदी करण्यापूर्वी घालणाऱ्याला कधी विचारले होते का? ज्याचे शरीर, त्याचाच शब्द नाही, यालाच जातव्यवस्था म्हणतात. सफाईच्या कामाला थोर सेवा म्हणून गौरवण्यामागचा डाव बाबासाहेबांनी कधीच उघडा पाडला होता. आज त्याच गौरवाची जागा सत्काराच्या शालीने घेतली आहे.

आमच्या मागण्या सरळ आहेत. आधी यंत्र, माणूस आत उतरणार नाही. अपवाद म्हणून उतरावेच लागले, तर वायू मोजल्याशिवाय आणि बाहेरून हवा मिळाल्याशिवाय नाही. सूट कामगाराने घालून पाहावा, मगच बिल निघावे. ठेक्यातला कामगार कायम कामगारापेक्षा वेगळा धरू नये. साधनांची नोंदवही मुदखेडच्या नागरिकांना पाहता यावी.

मित्रांनो, आपल्या गल्लीत कुणी टाकीत उतरताना दिसला तर आधी त्याला थांबवा, मग कोणी पाठवले ते विचारा. शाल नको, श्वास द्या.

जय भीम!