तंबूतली एक रात्र

लग्नाला दहा वर्षं झाली, तेव्हा ह्यांनी हट्टच धरला. हॉटेल नको, तंबू! जर्मनीत ऱ्हाईनकाठच्या सांक्ट गोआर गावी उतरलो. जवळच १३२ मीटर उंच लोरेलाय कडा. तिथल्या केस विंचरणाऱ्या सुंदरीपायी नावाडी बुडत, अशी दंतकथा. १८२४ साली हाइनेच्या कवितेनं ती घरोघरी नेली. खरी गोम नदीच्या अरुंद वळणात आहे म्हणा!

निवांतपणा मात्र विसरा. दोन्ही तीरांवरून रात्रभर मालगाड्या धडधडतात. झोप उडालीच होती. अंधारात हे म्हणाले, "नोकरी सोडावीशी वाटते गं."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

घरी सासूबाई, मुलं, टीव्ही. बोलायला सवड कुठली?

इथं पैलतीरी जायला पूल नाही. सकाळी फेरीबोटीत बसून आम्ही घरखर्चाचा हिशेब मांडला.