पोटाच्या सोनोग्राफीच्या नियमित सोयीसाठी निवेदन

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक,
बुलढाणा

विषय : घाटाखालील तालुक्यांतील शासकीय रुग्णालयांत पोटाची सोनोग्राफी नियमित सुरू ठेवण्याबाबत.

महोदय,

सोनोग्राफीत ध्वनिलहरी पोटात सोडल्या जातात आणि अवयवांवरून परतणाऱ्या प्रतिध्वनींचे चित्र पडद्यावर उमटते. क्ष-किरणांचा संबंध नसल्याने ही तपासणी गरजेनुसार पुन्हा करता येते. पित्ताशयातील खडे, यकृतातील गळू, पोटात साचलेले पाणी, मूत्रपिंडाची सूज आणि अपघातानंतरचा अंतर्गत रक्तस्राव तिच्यात दिसतो. आतड्यांतील वायूमुळे स्वादुपिंड झाकले जाऊ शकते, मूत्रवाहिनीतील बारीक खडा नजरेतून सुटू शकतो. अशा वेळी सीटी स्कॅन लागतो. ही मर्यादा ओळखावी लागत असल्याने यंत्राइतकाच तपासणारा डॉक्टरही महत्त्वाचा ठरतो.

संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव व नांदुरा तालुक्यांचा बराच भाग पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे खारट भूजलाच्या भागात, येतो. येथे मूत्रपिंडविकार ही जुनी चिंता आहे. रक्तातील क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाचे काम किती मंदावले ते कळते. मूत्रपिंड खड्यामुळे तुंबले आहे की कायमचे आकसले आहे, हे सोनोग्राफी सांगते. तुंबलेले मूत्रपिंड वेळेत मोकळे केल्यास वाचू शकते. पित्ताशयाच्या तपासणीसाठी सहा ते आठ तास उपाशी राहावे लागते. अशा रुग्णाला घाट चढून बुलढाण्याला यावे लागले, तर त्रासाबरोबर दिवसाची मजुरीही बुडते.

गर्भधारणापूर्व व प्रसवपूर्व निदानतंत्र कायद्यानुसार केंद्राची नोंदणी सक्तीची आहे आणि गर्भवतीच्या तपासणीसाठी ‘एफ’ नमुना भरावा लागतो. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी हे नियम काटेकोर पाळलेच पाहिजेत. पोटाच्या इतर विकारांसाठी नोंदणीकृत केंद्रात सोनोग्राफी करण्यास मात्र हा कायदा आडकाठी करत नाही. शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या व उपचार विनाशुल्क आहेत.

मागण्या :

१. वरील चारही तालुक्यांतील शासकीय रुग्णालयांत पोटाच्या सोनोग्राफीचे वार ठरवून ते दर्शनी फलकावर लावावेत.

२. रेडिओलॉजिस्टचे पद रिक्त असेल तेथे फिरत्या तज्ज्ञाची नेमणूक करावी. नियमानुसार सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्यांना पाठवावे.

३. यंत्र बंद असल्यास नोंदणीकृत खासगी केंद्रात शासकीय खर्चाने तपासणी व्हावी.

४. अपघात व तीव्र पोटदुखीच्या रुग्णांसाठी खामगावच्या शासकीय रुग्णालयात रात्रीही सेवा द्यावी.

५. अहवाल त्याच दिवशी मिळावा. उपाशीपोटी यायचे की लघवी रोखून, याची सूचना आधी मराठीत द्यावी.

६. यंत्रे, तज्ज्ञ व रिक्त पदांची तालुकानिहाय माहिती जाहीर करावी.

या मागण्यांवरील कार्यवाही लेखी कळवावी, ही विनंती.

निवेदनकर्ते
घाटाखालील तालुक्यांतील रुग्ण, नातेवाईक व नागरिक

प्रत : मा. जिल्हाधिकारी, बुलढाणा