निवारा स्वयंसेवकांच्या जिवावर नको
गडचांदूरसारख्या लहान नगर परिषदांनी भटक्या कुत्र्यांचे निवारे केवळ स्वयंसेवकांच्या भरवशावर सोडू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशानुसार शाळा, रुग्णालये, बसस्थानकांच्या आवारातून उचललेले कुत्रे पुन्हा तिथे सोडता येत नाहीत. निवाऱ्यांवरचा भार वाढतच जाणार. पिंजरे धुवायला, जखमांना औषध लावायला जे तरुण पुढे येतील, त्यांच्या कळकळीचे मोल मोठे आहे. म्हणूनच त्यांच्या जिवाची काळजी. रेबीजची लक्षणे दिसू लागली, की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. कुत्रा चावण्यापूर्वीच घ्यायची प्रतिबंधक लस उपलब्ध आहे.

ती टोचल्याशिवाय एकाही स्वयंसेवकाला पिंजऱ्यात पाठवू नये. खर्च नगर परिषदेने उचलावा, पशुवैद्यकही नेमावा. आणि हे सारे पहिला कुत्रा आत येण्याआधी व्हावे.