सरकार म्हणजे राज्यसंस्था नव्हे

स्टेट, गव्हर्नमेंट, अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, गव्हर्नन्स ही एकाच वस्तूची चार नावे आहेत, मराठीला ‘सरकार’ हा एक शब्द पुरतो आणि उरलेला सगळा प्राध्यापकी काथ्याकूट आहे, असे मत हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. पुरावा काय, तर शब्दकोशात हे शब्द शेजारी-शेजारी बसतात! असे म्हणणाऱ्याने शब्दकोश चाळला असेल, कायदा मात्र उघडलेला नाही. संविधानाच्या अनुच्छेद 12 मध्ये मूलभूत हक्कांपुरती ‘स्टेट’ची व्याप्ती सांगितली आहे. तीत केंद्राचे व राज्यांचे सरकार येते, तशीच संसद, विधिमंडळे आणि स्थानिक प्राधिकरणेही येतात. म्हणजे सरकार हा स्टेटचा एक भाग झाला. मंत्रिमंडळ कोसळले म्हणून महापालिकेवरचे मूलभूत हक्कांचे बंधन सुटत नाही.

हा भेद पुसला की काय होते, हे महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. राजद्रोहाचे कलम 124अ दंडसंहितेत 1870 साली घातले गेले, आणि त्यात गुन्हा होता तो सरकारविषयी अप्रीती निर्माण करण्याचा. 1897 च्या टिळकांवरील खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ लावला. प्रजेने राज्यकर्त्यांवर प्रेमच करायचे! मतदानाने सरकार बदलण्याची सोय नव्हती, त्यामुळे राजसत्ता, सरकार आणि अधिकारी एकाच सिंहासनावर बसलेले होते. अधिकाऱ्यावरची टीका सहज राजद्रोह ठरे. 1908 साली टिळकांना पुन्हा सहा वर्षांची शिक्षा झाली. पुढे 1962 मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘कायद्याने प्रस्थापित सरकार’ आणि त्या घटकेला कारभार हाकणाऱ्या व्यक्ती यांच्यात स्पष्ट फरक केला, आणि हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक अव्यवस्थेचा रोख असेल तिथेच कलम लागू केले. यावर प्रतिपक्ष म्हणेल की त्याच निकालात सरकारला राज्यसंस्थेचे दृश्य प्रतीक म्हटले आहे. म्हटले आहे खरे. पण त्याच निकालाने खुर्चीवरच्या माणसांना त्या प्रतीकातून वेगळे काढले, हे अर्धे वाक्य वाचणाऱ्यांच्या नजरेतून सुटते. मंत्र्यावर टीका केली की देशद्रोहाची हाकाटी पिटणाऱ्यांना ‘एकच शब्द पुरे’ हे तत्त्व फार सोयीचे आहे, आणि माझा संताप नेमका इथे आहे.



मराठीत सामग्री तयार आहे. स्टेटला राज्यसंस्था, निवडून आलेल्या सत्तेला सरकार, नोकरशाहीच्या यंत्रणेला प्रशासन आणि गव्हर्नन्सला आपला जुना कारभार. अडचण ‘राज्य’ या शब्दाची आहे, कारण तो महाराष्ट्रालाही लागतो आणि अनुच्छेद 12 मधल्या स्टेटलाही; म्हणूनच तिथे ‘राज्यसंस्था’ हवा. ‘शासन’ या शब्दातही सरकार आणि प्रशासन एकमेकांत मिसळतात, म्हणून ‘महाराष्ट्र शासन’ असा फलक लावणाऱ्या कचेऱ्यांनी मंत्रिमंडळाच्या निर्णयाखाली ‘सरकार’ लिहायला सुरुवात करावी, एवढी माझी मागणी आहे.