वडिलांचे काम आणि एक दिवसाआडची गोळी

"डॉक्टर, आता तुम्हीच अण्णांना सांगा, काम बंद करा म्हणून. आमचं ऐकतच नाहीत."

हे वाक्य दवाखान्यात महिन्यातून दोनतीनदा तरी माझ्या कानावर पडते. बोलणारा मुलगा किंवा मुलगी पुण्या-मुंबईहून चार दिवसांच्या रजेवर आलेली असते. अण्णा शेजारच्या स्टुलावर खाली मान घालून बसलेले असतात. माझ्याकडून अपेक्षा असते ती एका चिठ्ठीची. 'पूर्ण विश्रांती घ्यावी' असे लिहून दिले की मुलांचे समाधान होते. पूर्वी मी तसे लिहून देत असे. हल्ली देत नाही.

मागच्या दिवाळीत असेच एक गृहस्थ आले. वय ६६. सूतगिरणीत सव्वीस वर्षे नोकरी झालेली, गिरणी बंद पडल्यापासून कापडाच्या दुकानात. दिवसाचे नऊदहा तास उभे राहायचे, तागे काढायचे, उलगडून दाखवायचे, गिऱ्हाईक उठून गेले की पुन्हा घड्या घालून ठेवायचे. रक्तदाबाचा त्रास आठ वर्षांचा, मधुमेह चार वर्षांचा, पायाच्या शिरा फुगलेल्या. त्या दिवशी रक्तदाब १८२/१०४ भरला. मुलगा म्हणाला, "बघा, कामानंच वाढलाय." मी त्याला काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवले आणि गोळ्यांचे विचारले. अण्णा म्हणाले, "घेतो की." काकूंना मात्र राहवले नाही. "एक दिवसाआड घेतात. दुकान सुटलं तर पुढं गोळ्यांचं कसं करायचं, म्हणून आत्तापासून सवय लावून घेतायत!"

रक्तदाबाच्या या गोळ्या रोज घ्यायच्या असतात. एक दिवसाआड घेतल्याने शरीराला काटकसरीची सवय लागत नाही. रक्तदाब वर चढून राहतो आणि मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांच्या रक्तवाहिन्या त्याचा मार खात राहतात. उद्या अर्धांगवायूचा झटका आला, तर आयुष्यभराच्या गोळ्यांचे वाचवलेले पैसे पहिल्या आठवड्यातच जातील. हे मी त्यांना सांगितले. पण नुसते एवढे सांगून भागणार नव्हते, कारण त्यांची भीती खोटी नव्हती.

मुलांना वाटते, हा प्रश्न प्रकृतीचा आहे. बापाच्या मनात तो रुपयांचा असतो आणि घरात नेमके त्याविषयीच कोणी बोलत नाही. मुलाला विचारायचा संकोच वाटतो, कारण बापाच्या ठेवीची चौकशी म्हणजे डोळा ठेवल्यासारखे दिसते. बापाला सांगायची लाज वाटते, कारण आकडा लहान असतो. मग दोघेही डॉक्टरला मध्ये घालतात. मी साधा एम.बी.बी.एस. माणूस, गुंतवणुकीचा सल्लागार नव्हे. तरीही त्या दिवशी मी मुलाला आत बोलावले आणि सांगितले, चिठ्ठी मिळणार नाही, वर्षाचा खर्च वहीत लिहून आणा.

वर्षाचा म्हणालो, महिन्याचा नव्हे. अण्णांच्या अंदाजाने दोघांना महिना दहा हजार पुरत होते. काकूंनी दुधाच्या जुन्या हिशेबाच्या वहीत लिहायला घेतले, तेव्हा वर्षाचे १ लाख ७४ हजार निघाले, म्हणजे महिना साडेचौदा हजार. गहू-तांदळाची बेगमी, घरपट्टी, चष्मा, पाहुणेरावळे, लेकीची दिवाळी आणि लग्नसराईतले आहेर हे महिन्याच्या हिशेबात कधी येतच नाहीत. (आहेरांचा आकडा पाहून अण्णा स्वतःच चकित झाले.) औषधे आणि तपासण्यांचे महिना १९०० होते. तिथे माझाही दोष होता. त्याच औषधांच्या जेनेरिक गोळ्या जनऔषधी केंद्रात मिळत असताना मी सवयीने कंपनीचे नाव लिहीत आलो होतो. नाव बदलल्यावर खर्च ७०० वर आला आणि महिन्याचा एकूण खर्च १३,३००.

आता जमेची बाजू. भविष्यनिर्वाह निधीचे निवृत्तिवेतन २,१००. ठेवी नऊ लाखांच्या, त्यांतले दोन लाख पतसंस्थेत, 'तिथे व्याज एक टक्का जास्त' म्हणून. इथे मी थोडा रागावलोच. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. या वयात एक टक्क्यासाठी झोप घालवू नये. दीड लाख अडीअडचणीला बँकेत ठेवून बाकीचे साडेसात लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले, तर ८.२ टक्क्यांनी महिना सव्वापाच हजारांच्या आतबाहेर पडतात. हा दर २०२३ च्या एप्रिलमध्ये ठरला. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करते, तेव्हा पोस्टात विचारूनच पैसे भरावेत. एकदा भरले की पाच वर्षे तोच दर राहतो.

म्हणजे जमा सव्वासात हजार, खर्च तेरा हजारांवर. काम पूर्ण सोडायचे तर दरमहा सहा हजार मुदलातून काढावे लागणार. महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो, व्याज आणि निवृत्तिवेतन मात्र आहे तिथेच राहते. मुलाने हिशेब मांडला, तेव्हा नऊ लाख सातआठ वर्षांत संपत होते. त्या वेळी अण्णा ७३-७४ चे असतील आणि काकू ६८-६९ च्या. काकू अण्णांपेक्षा पाच वर्षांनी लहान आहेत. अण्णांच्या मागे त्यांना निम्मे, म्हणजे १,०५० रुपये निवृत्तिवेतन मिळेल. हा आकडा वहीत उतरला तेव्हा मुलगा गप्प झाला. तोपर्यंत हिशेब बापाचा चालला होता, आईचा कोणी धरलाच नव्हता.

दवाखान्याच्या मोठ्या खर्चाविषयी लोकांचा फार गोंधळ आहे. आयुष्मान भारत योजनेत २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पण ते भरती झाल्यावर. रोजच्या गोळ्यांना त्यातून पैसा मिळत नाही. शिवाय अण्णांना सत्तरीला चार वर्षे बाकी आहेत. मधल्या काळासाठी विमा घ्यायचा तर आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, म्हणून तो आजच घ्यायला हवा आणि अर्जात रक्तदाब-मधुमेह लपवता कामा नये. लपवलेला आजार नेमका दावा करताना बाहेर येतो.

मग ठरले काय? अण्णांनी काम सोडले नाही. शेठजींशी बोलून अर्धा दिवस, पाच हजारांवर, गल्ल्याजवळ खुर्चीत बसून बिले करायची असे ठरवले. शेठजींना विश्वासू माणूस हवाच होता, इतकी वर्षे कोणी विचारले नव्हते इतकेच. माझ्या मते प्रकृतीलाही हेच बरे. दिवसभर उभे राहणे त्यांना बाधत होते, काम बाधत नव्हते. एकदम घरी बसलेल्या कित्येकांची साखर खुर्ची आणि फरसाणाच्या संगतीत वाढलेली मी पाहिली आहे. अर्थात ज्याला चालताना छातीत दुखते किंवा ज्याची नजर गेली आहे, त्याला मी हा सल्ला देणार नाही. त्याचे काम तत्काळ थांबले पाहिजे आणि हिशेबातली तूट मुलांनी भरली पाहिजे.

मुलाचे पैसे घ्यायला अण्णा तयार नव्हते. "त्याचं घराचं कर्ज आहे," एवढेच म्हणत. शेवटी मुलाने हातात पैसे देण्याचे सोडून दिले. औषधांचे बिल, विम्याचा हप्ता आणि विजेचे बिल तो परस्पर भरतो. घर मात्र मुलाच्या नावावर करून टाकतो, असे अण्णा निघताना म्हणाले, तेव्हा मी मुलासमोरच नको म्हणालो. मुलगा चांगला आहे, पण काकूंना राहायला हक्काचे छप्पर हवे. मृत्युपत्र करून ठेवता येते, बक्षीसपत्राची घाई कशाला? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात असे दानपत्र रद्द करण्याची सोय आहे खरी, पण सांभाळण्याची अट पूर्ण न झाल्याचे सिद्ध करीत उतारवयात कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात.

गेल्या महिन्यात दोघे आले होते. गोळी रोज चालू आहे, रक्तदाब १३८/८४ होता, पायांची सूज बरीच उतरली आहे. काकूंनी नवी वही घातली आहे आणि आहेरांसाठी तिच्यात वेगळे पान ठेवले आहे. दिवाळीला मुलगा आला की सगळे आकडे पुन्हा मांडायचे, असे ठरले आहे.