खापर जंतूंवर, धंदा कॅप्सूलचा



गेल्या महिनाभरात तोच एक मेसेज मला चार ग्रुपवर आला. पित्ताशयातले खडे आतड्यातल्या वाईट जंतूंमुळे होतात, हे शास्त्रज्ञांनी शोधलंय, म्हणून आतडं साफ करा, खडे आपोआप पडतील. खाली कॅप्सूलच्या डबीची किंमत. यातलं पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे आणि म्हणूनच मला जास्त राग येतो. निव्वळ थाप असती तर पुसून टाकली असती. खऱ्याच्या पदराला गाठ मारून खोटं विकायला आणलं, की ते ओळखायला वेळ लागतो.

मी बी.कॉम. आहे, डॉक्टर नाही. पण पित्ताचा कारभार चक्क हिशेबाचा आहे, तो वाचून मला समजला. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं तयार करतं. ती पित्ताबरोबर पित्ताशयात साठतात. आपण जेवलो, विशेषतः तूप-तेल पोटात गेलं, की पित्ताशय आकसतं आणि पित्त आतड्यात उतरतं. काम झालं की साधारण ९५ टक्के पित्ताम्लं लहान आतड्याच्या शेवटी शोषली जाऊन यकृताकडे परत! खेळतं भांडवलच म्हणा, दिवसातून कितीदा तरी फिरतं. उरलेली मोठ्या आतड्यात जातात. तिथले काही मोजके जंतू त्यांचं रूप बदलतात आणि डीऑक्सिकोलिक आम्ल तयार होतं. ते थोडं शोषलं जाऊन त्याच भांडवलात मिसळतं. त्याचं प्रमाण वाढलं की पित्तात कोलेस्टेरॉलही जास्त उतरतं, विरघळेनासं होतं, त्याचे स्फटिक होतात आणि मग खडे.

१९९६ साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी असे जंतू जास्त असलेल्या रुग्णांना प्रतिजैविक देऊन पाहिलं, तर पित्तातला कोलेस्टेरॉलचा भार कमी झाला. २०२२ साली चीनमधल्या संशोधकांनी खडे असलेल्या माणसांच्या आतड्यातले जंतू उंदरांमध्ये सोडले, तर ज्या उंदरांना सहसा खडे होत नाहीत त्यांनाही झाले. (उंदरांवरच्या प्रयोगांबद्दल मला जे वाटतं ते पुन्हा कधीतरी.)

म्हणजे संबंध आहे. पण म्हणून कॅप्सूल घ्यायची, हे कुठून आलं? खडा तयार कसा होतो हे कळणं वेगळं आणि तयार झालेला खडा घालवणं वेगळं. पित्ताशय हे आडगल्लीतलं कोठार आहे. आपण गिळलेलं काहीही त्यातून जात नाही. आतडं कितीही घासूनपुसून काढा, कोठारातला दगड जागेवरच. शिवाय त्या कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असेल तर ते जनावरांच्या हाडाकातड्यांपासून केलेलं असतं. मी ग्रुपवर तेवढंच विचारलं. पाठवणाऱ्या बाईंनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. उत्तर नाही.

दुसरा प्रकार याहून वाईट. संध्याकाळी ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस कपकपभर प्यायचा, सोबत एप्सम मीठ, आणि सकाळी हिरवे गोळे पडले की त्यांचा फोटो. २००५ साली न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी असे गोळे तपासले आणि ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. त्यांत कोलेस्टेरॉल नव्हतं, पित्ताचा रंग नव्हता, कॅल्शियम नव्हतं. तेलाचाच साबण झालेला होता! प्यायलेलं तेलच गोळा होऊन बाहेर पडतं आणि बाई समाधानानं सोनोग्राफी टाळते.

आमच्या नात्यातल्या एका वहिनींनी ही टाळाटाळ दोन वर्षं केली. त्यात आपल्या भाषेचाही हातभार आहे. आंबट ढेकर आली, पित्त झालं. डोकं दुखलं, पित्त झालं. वास्तविक ते बहुतेकदा जठरातलं आम्ल असतं, पित्ताशयाचा त्यात काही संबंध नसतो. वहिनींना जड जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ यायची, पाठीत, खांद्यापर्यंत जायची, तासन् तास राहायची. घरातले म्हणायचे, पित्त आहे, कोकम सरबत घे. शेवटी खडा पित्तनलिकेत अडकला, डोळे पिवळे झाले, थंडी वाजून ताप आला, आणि रात्री दवाखाना गाठावा लागला. अशा वेळी जीवही जाऊ शकतो. ज्यांच्या खड्यांचा काही त्रास नाही, अशा पुष्कळ जणींना ऑपरेशन लागतही नाही. पण ते डॉक्टरांना ठरवू द्या, ग्रुपला नको.

आता जी गोष्ट कोणी विकत नाही, ती. ब्रिस्टलचे डॉ. केन हीटन यांनी १९९३ साली दाखवलं की सडपातळ बायकांना खडे होतात तेव्हा त्यांचं आतडं बरेचदा संथ चाललेलं असतं. अन्न मोठ्या आतड्यात जितकं रेंगाळेल, तितका त्या जंतूंना वेळ. ज्वारीची भाकरी, सालीची मुगाची आमटी, पालेभाजी, पुरेसं गाळलेलं पाणी आणि रोजचं चालणं, यानं तो वेळ कमी होतो. यात कोणाला कमिशन मिळत नाही. आणि सकाळी डबे, चहा, सासऱ्यांची औषधं या गडबडीत शौचाला जायचं पुढे ढकलणाऱ्या बायकांबद्दल तर कोणीच मेसेज करत नाही.

आणखी एक, हे काहींना बोचेल. पोट रिकामं असलं की पित्ताशय आकसत नाही, पित्त साठून घट्ट होतं. १९९१ साली अमेरिकेतल्या बायकांच्या पाहणीत दिसलं की रात्रीचं जेवण ते सकाळचं पहिलं खाणं यांतलं अंतर जितकं मोठं, तितकं खड्यांसाठी दवाखान्यात जाण्याचं प्रमाण जास्त. हे वाचून आपल्या सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची थट्टा करणारे भेटतील. त्यांनी जरा हिशेब करावा. सहाला जेवलेली बाई सकाळी सातला खाऊ शकते. तेरा तास होतात. त्याचे सतरा तास होतात ते धर्मामुळे नव्हे. मंदिरातून आल्यावर आधी सगळ्यांचे नाश्ते, मग डबे, मग ओटा, आणि अकरा वाजता उभ्यानं दोन घास, याला धर्म म्हणू नका.

खडे असल्याचं माहीत असेल, तर दशलक्षणातले मोठे उपवास धरण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. पारण्याला तुपातला शिरा आणि श्रीखंड वाढून आग्रह करू नये, मुगाचं पाणी द्यावं. इतके दिवस पडून राहिलेलं पित्ताशय तुपानं एकदम आकसलं की कळ उठते. मागच्या वर्षी मी हे बोलले, तेव्हा एका काकूंनी त्याला शिथिलाचार म्हटलं. काकू, तुमच्या घरी सुनेचा पहिला घास किती वाजता होतो?